अरबीत म्हणा, म्हणजे कळेल

"तुमच्यात जी मुख्य प्रार्थना असेल ती म्हणून दाखवा," असं वकिलातीतल्या त्या पोरगेल्या साहेबाने सांगितलं, आणि सांगता सांगता कागदी रुमालाने नाक पुसलं. त्याला सर्दी झाली होती. म्हणजे बोलला तो त्याच्या भाषेत. अरबीत आणून तोबियासमोर ठेवलं ते दुभाषी इनामबाईंनी, चष्म्यावरून बघत, जरा दबक्या आवाजात. तोवर सगळं बरं चाललं होतं. मोसुलजवळच्या करमलेस गावातलं घर कुठल्या गल्लीत होतं, कोंबड्यांचं फार्म गावाच्या कुठल्या अंगाला, त्या ऑगस्टात गाव सोडलं तेव्हा गाडीत कोण कोण होतं, अंकावाच्या छावणीत कसे दिवस काढले, तिथून अम्मानला का आलात. वाट चुकलेल्याला रस्ता सांगावा तशी तोबियाने उत्तरं दिली होती, न चिडता, न रडता. या प्रश्नालाही त्याचं तोंड सवयीने उघडलं. "अवुन द्वश्मय्या," त्याने सुरुवात केली, आमच्या स्वर्गातल्या बापा. त्याचा बाप म्हणायचा तशी, त्या बापाचा बाप म्हणायचा तशी, सूरेथ बोली बोलणाऱ्या तिकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या देवळी भाषेत. आणि साहेबाने हात वर केला. नाक्यावरचा पोलीस ट्रक थांबवतो तसा तळवा पुढे करून, पण हसून. काहीतरी पुटपुटला. इनामबाई म्हणाल्या, "अरबीत म्हणा, म्हणजे आम्हाला कळेल."

तोबियाने तोंड मिटलं. मुद्दाम मिटलं असं नाही. ते आपोआप मिटलं, जसं दार वाऱ्याने लागावं. मग त्याला कळलं की ते आता उघडायचं नाही. साहेब थांबला, घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेत थांबला. खोलीत हीटर चालू होता, खिडकीबाहेर कुंपणाच्या आत कुणीतरी गवताला पाणी देत होतं, फेब्रुवारीत, पावसाच्या दिवसांत. इनामबाई पुढे झुकून, तिकडच्या रीतीने 'नहरीनचा बाप' अशी मुलीच्या नावाने हाक मारत म्हणाल्या, "म्हणा ना, अबू नहरीन. दोन ओळी पुरतात. मी नन्सच्या शाळेत शिकले, ऐकून ऐकून मलासुद्धा पाठ आहे ती."

"मग तुम्हीच म्हणा," तोबिया म्हणाला. "आणि व्हिसाही तुम्हीच घ्या."

हे बाईंनी साहेबाला कसं सांगितलं कोण जाणे. साहेब लाल झाला नाही की रागावला नाही. त्याने समजूतदारपणे मान हलवली, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि बाईंकरवी सांगितलं की याचं वाईट वाटून घेऊ नका, काही लोक ख्रिस्ती नसताना ख्रिस्ती म्हणून येतात, आम्हाला खात्री करावी लागते. हवं तर बायबलातल्या चार शुभवर्तमानांची नावं सांगा. तोबिया म्हणाला की कोंबड्यांच्या रोगांची नावं विचारा, ती सांगतो. साहेबाने लिहिलं. त्याचं पेन जाड टोकाचं होतं आणि कागदावर त्याचा आवाज होत होता, उंदीर लाकूड कुरतडतो तसा. खूप वेळ लिहिलं त्याने, एका न म्हटलेल्या प्रार्थनेबद्दल एवढं काय लिहायचं असतं ते त्यालाच ठाऊक. मग उठून हात मिळवला. त्याचा तळवा ओलसर होता. पुन्हा बोलावू म्हणाला.

बाहेर बाकावर बायको वर्दिया आणि मुलगी नहरीन आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांची दुसऱ्या खोलीत, वेगळी मुलाखत झाली होती. वर्दियाच्या चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या मुलीसारखं काहीतरी होतं, आणि नवऱ्याचा चेहरा बघताच ते विझलं. तिने तिथे काही विचारलं नाही. बसमध्येही नाही. बस वर चढत होती, खाली उतरत होती. या शहराला सपाट रस्ता म्हणून माहीत नाही. तोबिया खिडकीला कपाळ टेकून बसला होता आणि त्याला एकामागून एक टेबलं दिसत होती. आयुष्यभर कुणीतरी टेबलाच्या पलीकडे बसलेलं असायचं आणि तो अलीकडे उभा. सैन्यभरतीच्या वेळी मिशीवाला हवालदार, पक्षाची घोषणा म्हण म्हणणारा. ती त्याने म्हटली होती, सगळ्यांनी म्हटली होती, त्यात काही जात नव्हतं. मग मोसुलच्या रस्त्यावरचा अमेरिकन शिपाई, गाडीत टॉर्च मारून, सुन्नी की शिया, आणि मागच्या सीटवरच्या पिल्लांच्या खोक्यांतून चिवचिवाट. तेव्हा तो हसला होता, शिपाईही हसला होता. आणि मग ते दाढीवाले. त्यांच्या टेबलासमोर तो नव्हता, ते येतायत कळताच तो त्या रात्रीच बायको-मुलीला गाडीत घालून निघाला होता, निघताना शेडची दारं उघडी टाकून, की पाखरांनी आपलं बघावं. त्यांच्यासमोर उभा राहिला तो त्याचा बाप. म्हातारा इसहाक खाटेवरून उठायला तयार नव्हता. म्हणाला, मी माझ्या घरात मरेन, तुम्ही जा. दाढीवाल्यांनी त्याला आणि आणखी काही म्हाताऱ्यांना गावात ठेवलं आणि रोज येऊन सांगितलं की आमचा कलमा म्हणा. इसहाकने काय केलं? तो बहिरा झाला. चांगले तीक्ष्ण कान होते म्हाताऱ्याचे, तरणीताठी पोरं कुजबुजली तरी ऐकायचा. पण ते आले की कानामागे हात लावून, हां? हां? करत बसायचा. ते ओरडून ओरडून दमले. शेवटी खाझिर नदीपर्यंत नेऊन सोडून दिलं. अंकावाच्या छावणीत हे सांगताना तो एवढा हसायचा की खोकला यायचा, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्या खोकल्यानेच गेला. तोबियाच्या डोक्यात हे सगळं उलटंपालटं होत होतं आणि एकच गोष्ट सरळ उभी होती: तेव्हा ज्यांनी विचारलं ते वैरी होते. वैऱ्याने विचारावं, त्याला शिव्या घालता येतात, त्याच्यापुढे बहिरं होता येतं. पण हे? यांच्या नोटांवर देवाचं नाव, यांच्या गावागावात देवळं, यांच्या सुट्ट्या आपल्या सणांना, आणि यांना माझ्या तोंडून नमुना हवा. रक्ताचा घेतात तसा. तोही अरबीत. ज्या बोलीत येशूने आपल्या आईकडे भाकरी मागितली असेल त्या बोलीत म्हटलं तर यांना खात्री पटत नाही. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते त्याला त्या बसमध्ये अक्षरशः कळलं. मोज्यांत पाय भाजत होते.

घरी आल्यावर वर्दियाने सोबा, खोली उबवायची रॉकेलची शेगडी, पेटवला, केटली ठेवली, डोक्याचा रुमाल सोडला, आणि मग बोलली. तिने आरडाओरडा केला नाही, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याला आठवण करून दिली की नहरीन एप्रिलमध्ये एकवीस वर्षांची होते, आणि एकवीस झाली की तिची फाइल वेगळी होते, आणि वेगळी झाली की आईबाप एका देशात आणि पोरगी या गल्लीत एकटी. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हेच धरून दोघं वर्षभर झुरत होते. वर्दिया म्हणाली, मला विचारली, मी म्हटली. पोरीला विचारली, तिने म्हटली. भातात मीठ टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. तुझ्या जिभेला काय झालं होतं?

तोबियाने सांगायचा प्रयत्न केला. त्याला शब्द सापडेनात. त्याला म्हणायचं होतं की ती प्रार्थना ही दाखवायची वस्तू नाही, पण तसं म्हटलं की ते पाद्रीबाबांच्या, अबूना रूफाईलच्या, प्रवचनासारखं वाटलं असतं, आणि तो काही फार देवभोळा माणूस नव्हता. करमलेसमध्ये तो रविवारी देवळाच्या अंगणात सिगारेट ओढत उभा राहणाऱ्यांतला होता. मिस्सेची उपासना अर्धी झाली की आत जायचा, प्रसादाची भाकर घ्यायचा आणि बाहेर. पण ती प्रार्थना तो रोज म्हणायचा. पहाटे शेडचं दार उघडताना, आतली उबट अमोनियाची वाफ तोंडावर आली की. कशासाठी म्हणून नाही. बापाने लावलेली सवय. दार, वाफ, अवुन द्वश्मय्या, मग दिवा. दिवा लागला की हजारो पाखरं एकदम डोकं वर करायची. त्या वेळी, दार आणि दिवा यांच्यामध्ये, त्याच्याकडे कुणी बघत नसायचं. बस, एवढंच होतं त्याच्याकडे देवाचं म्हणून. घर गेलं, शेड गेली, बाप गेला, आणि हे एवढं बोटभर उरलं होतं, ते तो अम्मानमध्येही, भाड्याच्या खोलीच्या दाराला किल्ली लावताना ओठांत म्हणायचा. हे सगळं बायकोला कसं सांगायचं? तो एवढंच म्हणाला, "मला नाही जमलं."

"तुला नाही जमलं, तर आता जमव," वर्दिया म्हणाली, आणि बुरगुलचं, भरडलेल्या गव्हाच्या भाताचं, पातेलं खाली ठेवलं.

निनवेच्या, म्हणजे जुन्या मोसुलच्या, तीन दिवसांच्या उपासाचे दिवस होते. दुपार टळेपर्यंत कुणी काही खात नसे, मग साधं जेवण, मांस नाही, दूध नाही. तिघं बसली. जेवणाआधी प्रार्थना घरातल्या पुरुषाने सांगायची, इतकी वर्षं तोच सांगत आला होता. त्याने डोळे मिटले, "अवुन" म्हणाला, आणि पेनचा आवाज सुरू झाला. कागदावर कुरतडणारं ते जाड टोक. पुढचा शब्द आला नाही. विसरला नव्हता, शब्द समोर होता, पण त्या शब्दाच्या पलीकडे तो पोरगा बसला होता, नाक पुसत, समजूतदारपणे. तोबियाने डोळे उघडले. नहरीन त्याच्याकडे बघत होती. तिने सावकाश, काहीच न झाल्यासारखी, उरलेली प्रार्थना म्हणून टाकली आणि चमचे वाटले. दुसऱ्या दिवशी दाराशी किल्ली लावताना तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने प्रयत्नच केला नाही. आणि त्याला पहिल्यांदा भीती वाटली. रागाच्या खाली, थंड, विहिरीतल्या पाण्यासारखी. घेतली त्यांनी. दाढीवाल्यांना रोज ओरडून जे सापडलं नाही ते या पोराने एका सकाळी, पाण्याचा ग्लास पुढे करून, काढून घेतलं. आणि त्याला पत्ताही नाही.

उपासाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पुरुषांची सभा होती. ही अबूना रूफाईलने सुरू केली होती, कारण बायका मिस्सेला येत आणि पुरुष येत नसत. काम करायला कायद्याने बंदी, पैसा दुसऱ्याचा, घर दुसऱ्याचं, दिवसभर दोमिनो खेळून बोटं काळी झालेली. अशा माणसाला देवासमोर उभं राहायला लाज वाटते, हे अबूनाला कळलं होतं, एवढं त्याचं श्रेय. दुसऱ्या पंथाच्या देवळाने आपलं तळघर वापरायला दिलं होतं. भिंतीवर कुठल्याशा संस्थेने छापून दिलेलं कापड लावलं होतं, त्यावर 'संकटकाळी पुरुषाची श्रद्धा' असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली सूर्योदय. त्या संस्थेचे दोन पाहुणे मागच्या खुर्च्यांवर बसले होते, एक बाई आणि एक उंच गृहस्थ. सभेनंतर तांदूळ आणि तेल वाटायचं होतं. अबूना त्या दिवशी योनावर बोलला. योना देवापासून पळाला, माशाच्या पोटात गेला, निनवेला आला, आणि निनवेच्या लोकांनी उपास केला म्हणून देवाने शहर वाचवलं तेव्हा हा उलट रागावून बसला. देवाने त्याला काय विचारलं? तुझं हे रागावणं बरं आहे का? अबूना म्हणाला की संकट हे ऐरणीसारखं असतं, संकटात पुरुषाला राग येतो, आणि तो राग देवाच्या पायाशी ठेवायला शिकणं हीच श्रद्धा. मग त्याने नेहमीप्रमाणे मान वळवली. "तोबिया, तुझा आवाज चांगला आहे. प्रभूची प्रार्थना सांग, आम्ही मागून म्हणतो."

तोबिया उभा राहिला. त्याने मागे पाहिलं. उंच गृहस्थाने फोन वर धरला होता, दोन्ही हातांनी, प्रेमाने, तान्ह्या बाळाचा फोटो काढतात तसा.

"नाही सांगत," तोबिया म्हणाला.

अबूनाला ऐकू आलं नसावं असं वाटलं. त्याने पुन्हा हात केला.

"नाही सांगत, अबूना. आधी मला एक सांगा. योनाला देवाने विचारलं, तुझं रागावणं बरं आहे का. ठीक. पण आपण योना कुठे आहोत? आपण निनवे. उपास आपण केला. गोणपाट आपण नेसलो, राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे उपाशी राहिलो. आजही राहिलोय. आणि पुस्तकात लिहिलंय की शहर वाचलं. मी त्या शहराच्या वेशीवरून आलोय. वाचलेलं शहर कुठे आहे, दाखवा मला. तिथे योनाची कबरसुद्धा राहू दिली नाही. आणि आता ज्यांच्या दारात उभे आहोत ते म्हणतात, तू निनवेचाच कशावरून, चार ओळी म्हणून दाखव. आणि हे मागचे म्हणतात, जरा उजेडात येऊन म्हण. मी कोंबड्या विकल्या आयुष्यभर. कोंबडीसुद्धा मी गिऱ्हाइकाला अशी उलटी धरून दाखवली नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. तळघरात पाइपांतून पाणी गेल्याचा आवाज झाला. अबूना रूफाईलचं तोंड पांढरं पडलं होतं. तोबियाला वाटलं आता हा ऐरणीवर आणखी एक घाव घालणार. पण अबूना पाहुण्यांकडे वळून त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलला. गृहस्थाने फोन खिशात घातला. मग अबूनाने स्वतःच प्रार्थना सांगितली, सपाट आवाजात, आणि बाकीचे मागून म्हणाले. तोबिया उभाच होता, ओठ मिटून, आणि त्याच्या चहूबाजूंनी ते शब्द जात होते, पुरात उभ्या खांबाच्या बाजूने पाणी जावं तसे. त्याला वाईट वाटलं नाही. त्याला अजून बोलायचं होतं.

सगळे तांदूळ घेऊन गेल्यावर तो जिन्याशी थांबला होता, कारण रिकाम्या हाताने घरी जायचं आणि आत जाऊन तांदूळ मागायचे, यांतलं काय करावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. अबूना मोरीवर चहाचे इवलाले पेले धूत होता, झग्याच्या बाह्या वर करून. तोबियाकडे न बघता त्याने विचारलं की वकिलातीत नक्की काय झालं. तोबियाने सांगितलं. पेनचंही सांगितलं, दारातल्या किल्लीचंही. अबूना ऐकत पेले धूत राहिला. मग म्हणाला, "मलाही विचारली होती. रोमला जाताना, विमानतळावर. हा झगा अंगात, हा क्रूस गळ्यात."

"म्हटलीत?"

"म्हटली. अरबीत. वर त्याला आशीर्वादही दिला."

"आणि दुसऱ्या दिवशी मिस्सा कशी केलीत?"

"तोंडाने," अबूना म्हणाला. त्याने पेला पालथा घातला. "तोबिया, माझी अर्धी पाद्रीगिरी तोंडाने झालीय. बाकीचं मागून येतं. कधी येतच नाही. तुझी गेली ना, तुला तिसऱ्या दिवशी कळलं. मला कळायला वर्ष लागलं. म्हणून म्हणतो, राग ठेव. मघाशी मी म्हटलं ना पायाशी ठेव, ते सोड. आज तरी ठेव जवळ."

तोबियाला या माणसाचाही राग आला. एवढं खरं याला आत, मोरीपाशीच बोलता येतं? बाहेर, त्या सूर्योदयाखाली, ऐरण कशाला? तरी अबूनाने बाजूला काढून ठेवलेली तांदळाची पिशवी त्याने उचलली आणि टेकडीच्या पायऱ्या चढू लागला. खालच्या रस्त्यावर गॅसच्या टाक्यांची गाडी तिची ती गोड धून वाजवत चालली होती, आणि त्या गोडपणाचाही त्याला राग येत होता.

वकिलातीतून फोन आला तो ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात, मार्च निम्मा सरल्यावर. एकट्या तोबियाने यायचं होतं. बाकी दोघींचं झालं होतं. त्या दिवसानंतर वर्दिया या विषयावर बोलायचीच थांबली होती, आणि तिच्या गप्प राहण्याने खोली भरून गेली होती. बोलली ती नहरीन. ती एका ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत काम करायची, चोरून, बोटं कायम केसांच्या रंगाने तपकिरी. संध्याकाळी जिन्यात बापाशेजारी येऊन बसली आणि नखं खरवडत म्हणाली, "बाबा, मी ती म्हटली ना तेव्हा मला काहीच वाटलं नाही. बसचा नंबर सांगावा तशी म्हटली. नंतर मला त्याचंच वाईट वाटत राहिलं. तुम्हाला निदान राग तरी आला."

तोबियाला तिच्याकडे बघवेना. त्याने ठरवलं ते तिथेच, त्या जिन्यात. म्हणायची. अरबीत म्हणायची, वरून हसायचं, साहेबाच्या सर्दीची चौकशी करायची. नाहीतरी ती आता त्याच्याजवळ नव्हतीच. नसलेली वस्तू विकायला काय हरकत आहे. पुढचे दिवस त्याने सराव केला. अरबी त्याला घरच्यासारखी येत होती, बाजाराची, शाळेची, सैन्याची भाषा. पण ही प्रार्थना त्या भाषेत म्हणताना दुसऱ्याचे बूट घातल्यासारखं वाटायचं, पाऊल पडायचं पण आवाज वेगळा यायचा. नळाखाली हात धुताना, भाजीच्या रांगेत, तो पुटपुटायचा. वर्दियाने एकदा ऐकलं आणि ती पाठ करून उभी राहिली. तिच्या खांद्यांवरून तो काही ओळखू शकला नाही.

ठरल्या दिवशी त्याने कोट चढवला, दाढी इतकी घोटून केली की हनुवटी लाल झाली. दोघी बरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. आत या वेळी पोरगा नव्हता. पिकल्या केसांची, जाड भिंगांची एक बाई होती, आणि तिच्या बाजूला त्याच इनामबाई. बाईने फाइल उघडली आणि भराभर विचारायला सुरुवात केली. कोंबड्यांना खाद्य कुठून यायचं. लस कोण द्यायचं. शेडला विमा होता का. तिकडे कुणी नातेवाईक आहेत का, गुडघ्यांना काही त्रास, तुरुंगात कधी होता का. तोबिया उत्तरं देत होता आणि आत अरबी शब्द ओळीने उभे करून ठेवत होता, घास तोंडात धरून बसावं तसे. आता विचारेल. आता. बाईने पान उलटलं, सही केली, शिक्का मारला, तोही हळूच, आवाज न करता.

"झालं," इनामबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर खुलला होता. "मंजूर आहे. तिघांचीही एकत्रच. आता डॉक्टरी तपासणी, मग तारीख. मुबारक, अबू नहरीन."

"आणि प्रार्थना?" तोबिया म्हणाला.

इनामबाईंनी बाईला विचारलं. बाईने भिंगांमागून डोळे बारीक केले, फाइल मागे चाळली, एका पानावर थांबली, थोडं वाचलं आणि ओशाळं हसली.

"ते काही लागत नाही म्हणतायत," इनामबाईंनी सांगितलं. "तसा नियम नाही. आधीचे साहेब होते ना, त्यांची आपली एक पद्धत होती. ते बदलून गेले."

पद्धत. तोबिया तो शब्द धरून खुर्चीत बसून राहिला. नियमही नव्हता. वरून कुणी सांगितलंही नव्हतं. एका पोराला सकाळी उठून वाटलं की असं विचारावं, आणि तो विचारून, सर्दी घेऊन, दुसऱ्या गावी निघून गेला. मध्ये बायको मुकी झाली, पोरीने स्वतःला दोष दिला, दाराशी किल्ली लावताना माझे ओठ पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे हलले, आणि मी, इसहाकचा मुलगा, भाजीच्या रांगेत उभं राहून देवाला दुसऱ्याच्या भाषेत घोकत होतो. पद्धत! त्याच्या छातीत काहीतरी एवढ्या जोराने वर आलं की त्याला वाटलं आपण आता टेबल उलथणार. तो उठला. बाई खुर्चीत मागे सरकली. त्याचे हात टेबलाकडे गेले नाहीत. ते आपसूक उघडले, कमरेच्या थोडे वर, तळवे आकाशाकडे, मिस्सेत उघडतात तसे, आणि त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो तळघरातला नव्हता, जिन्यातलाही नव्हता.

"अवुन द्वश्मय्या."

"गरज नाही, अबू नहरीन," इनामबाई घाईने म्हणाल्या. "झालंय तुमचं. काही म्हणायला नको."

"माहीत आहे," तोबिया म्हणाला. "म्हणूनच."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. अरबी शब्द कुठे गेले कळलं नाही. हे शब्द येत होते, एकामागून एक, जडशीळ, चिडलेले, पहाटेच्या अंधारातून दार ढकलून यावेत तसे. तुझं नाव पवित्र असो हे तो असं म्हणाला, जणू ते कुणी मळवलं याचा जाब विचारतोय. तुझं राज्य येवो हे असं, की इतका उशीर का. आजची भाकर दे, हे तर त्याने जवळजवळ टेबलावर हात आपटून मागितलं. गोड काही नव्हतं त्यात. पण पेनचा आवाज नव्हता. बाईने पेन खाली ठेवलं होतं. तिने इनामबाईंना हळूच विचारलं, हा काय म्हणतोय. इनामबाई उभ्या राहिल्या होत्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "मला ही भाषा येत नाही," त्या म्हणाल्या.

मग ती ओळ आली. आमचे अपराध क्षमा कर, जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे. तोबिया थांबला. ओलसर तळव्याचा तो पोरगा आला डोळ्यांपुढे, समजूतदारपणे मान हलवत. खाटेभोवती ओरडणारे ते आले, आणि नदीकडच्या उन्हात कानामागे हात धरून चालणारा म्हातारा. शेडचे पत्रे उचकटून नेणारे आले, तेही ओळखीचेच होते. सगळे रांगेने उभे राहिले, जणू हा दार उघडतोय की नाही ते बघायला. तोबियाने त्यांच्याकडे नीट, एकेकाकडे पाहिलं. त्याने दार उघडलं नाही. ती ओळ त्याने तशीच, सबंध, बाजूला ठेवली. विसरून नाही, अडखळून नाही, कळत असताना. पुढची घेतली. आम्हाला परीक्षेत आणू नको, वाईटापासून सोडव. शेवटपर्यंत गेला, आमेन म्हणाला, आणि कोटाची बटणं लावली.

बाईने हसून मान झुकवली. इनामबाईंनी डोळे पुसले आणि प्रार्थना सुंदर होती म्हणाल्या. खोलीत कुणालाच कळलं नव्हतं की मधलं काही गळलंय. ज्याला कळायचं त्याला कळलं असणार. त्यानेही काही विचारलं नाही.